खारे वारे, मतलई वारे आणि कोरडे फडके

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घराची जी झाडलोट होते, तिचा क्रम आमच्या चौलकडे तरी ठरलेला असतो. आधी आढ्याची जळमटे, मग माळा, मग डबे-भांडी आणि सर्वांत शेवटी बाहेरच्या खोलीतले काचेचे कपाट. कपाटातल्या वस्तू कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवल्या जातात. पितळेची समई, काचेचे बदक, सावंतवाडीची लाकडी फळे पुढे पंधरा-वीस दिवस स्वच्छ दिसतात. प्लास्टिकची वस्तू मात्र भाऊबिजेपर्यंत पुन्हा धुरकट होते. प्लास्टिकवर धूळ लवकर बसते, असे आपण म्हणतो. खरे पाहता ती धूळ ओढली जाते, आणि ओढण्याची ताकद त्या वस्तूला आपल्याच फडक्याने दिलेली असते.

एवढ्याशा गोष्टीच्या मागे लागायला मला कारण आहे. रेवदंड्याच्या एका खलाशाने केलेल्या जहाजांच्या सतरा प्रतिकृती सहा वर्षांपासून माझ्याकडे सांभाळायला आहेत. ते गृहस्थ आता हयात नाहीत. परदेशी जाणाऱ्या मालवाहू बोटींवर त्यांची उमेद गेली. बंदराबंदरांतून त्यांनी प्लास्टिकच्या जहाजांचे जोडसंच विकत आणले आणि त्यांतली चार-पाच जहाजे खोक्यावरच्या चित्राबरहुकूम जोडली. पुढे मात्र संचांचे सुटे भाग आणि पॉलिस्टायरीनचे पांढरे पत्रे कापून, कोणत्याही खोक्यात मिळत नाहीत अशी जहाजे त्यांनी बनवली : मचवा, पडाव, शिबाड, फत्तेमारी आणि एक आंग्रेकालीन गुराब. मचवे-पडावांची मापे त्यांनी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या खऱ्या होड्यांवरून घेतली होती. ती प्रत्येक प्रतिकृतीच्या तळाला शिसपेन्सिलीने लिहिलेली आहेत. नाळेपासून सुकाणूपर्यंत लांबी किती हात, पोटात रुंदी किती, डोलकाठी किती उंच.

त्या होड्या आज नाहीत. ज्या सुतारांनी त्या बांधल्या त्यांनी कागदावर नकाशा काढला नव्हता. माप हातात आणि डोळ्यांत असे. त्यामुळे दिसायला खेळण्यासारखी असलेली ही सतरा जहाजे माझ्या लेखी एक दप्तर आहे. दप्तर जपायचे म्हणजे आधी त्याच्यावरची धूळ काढायची. पेच असा, की कोरड्या फडक्याने पुसले तर धूळ दुप्पट येते आणि ओल्या फडक्याने पुसले तर पेन्सिल जाते. या पेचातून वाट काढताना जे वाचनात आले, ते मला पुन्हा पुन्हा चौलच्याच बंदरात आणून सोडत राहिले.

*

घासलेल्या वस्तूने हलके कण ओढून घ्यावेत, हा माणसाच्या लक्षात आलेला विजेचा सर्वांत जुना गुण. ग्रीक लोक अंबराला 'इलेक्ट्रॉन' म्हणत; त्याच शब्दावरून पुढे विजेचे नाव पडले. (मराठीत देवमाशाच्या सुगंधी द्रव्यालाही अंबर म्हणतात. इथे झाडाच्या चिकाचा अश्म झालेला पिवळा, पारदर्शक अंबर अभिप्रेत आहे.) फारसीत त्याला 'काहरुबा' म्हणजे काडी पळवणारा असे नाव आहे, तर संस्कृतात 'तृणमणी'. तीन भाषांपैकी दोघींनी त्या खड्याचे नाव त्याच्या रंगावरून किंवा किमतीवरून न ठेवता गवत ओढण्याच्या खोडीवरून ठेवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे वैशेषिक सूत्रांनी लोहचुंबकाकडे सरकणाऱ्या सुईची दखल घेतली आणि तिच्या हालचालीचे कारण 'अदृष्ट' असल्याचे सांगितले.

चुंबक आणि अंबर यांचे ओढणे वेगवेगळे आहे, हे नीट प्रयोग करून मांडले ते विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने, १६०० साली. चुंबक फक्त लोखंडाला ओळखतो. घासलेला अंबर मात्र काडी, भुसा, धूळ असा भेदभाव करत नाही. गिल्बर्टने आणखी एक गोष्ट नोंदवली : हवा दमट असली की अंबराची ताकद मंदावते. हे वाक्य किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने अधोरेखित करून ठेवावे असे आहे.

चुंबकाचे सोवळे कसे असते, हे पाहायचे तर चौलहून उत्तरेला अलिबागला जावे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडतील अशी भीती निर्माण झाली. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या काळात अलिबागला १९०४ साली नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामात लोखंड टाळून पोरबंदरी दगड आणि तांब्या-पितळेचे सामान वापरले आहे. मुंबईत विजेची ट्राम धावू लागली १९०७ साली. त्याआधी दोन्ही ठिकाणच्या नोंदी बरोबरीने घेऊन ताडून पाहिल्या होत्या. अंबराच्या विजेला असे सोवळे परवडत नाही. ती कुठेही, कशावरही, नुसत्या घासण्याने उपजते.

इंग्लंडात स्टीफन ग्रे याने १७२९ साली ही वीज दोऱ्यावरून शेकडो फूट दूर नेऊन दाखवली. तो दोरा त्याने रेशमाच्या धाग्यांवर टांगला होता. रेशमाऐवजी पितळेची तार आधाराला घेतली तेव्हा वीज तारेवाटे निघून गेली आणि प्रयोग फसला. वीज वाहून नेणाऱ्या आणि अडवून धरणाऱ्या वस्तूंची विभागणी इथून सुरू झाली. पाठोपाठ फ्रान्समध्ये द्यु फे याने विजेचे दोन प्रकार मानले : एक काचेची, दुसरी राळेची. आज आपण त्यांना धन आणि ऋण म्हणतो. पुढे १७५७ साली स्वीडनच्या विल्के याने कोणती वस्तू कोणत्या वस्तूवर घासली असता कुठल्या बाजूला जाते, याची क्रमवारी लावली. तशा यादीत आज केस, काच, नायलॉन, लोकर, रेशीम हे धन बाजूला दिसतात, सुती कापड साधारण मध्यावर येते आणि पॉलिस्टायरीन, पॉलिथिन, पीव्हीसी ही मंडळी ऋण टोकाला असतात. माझ्या कपाटातली जहाजे द्यु फेच्या भाषेत 'राळेच्या' जातीची.

*

ही जात नुसती उपमेपुरती नाही. पॉलिस्टायरीनचा जन्म खरोखरच एका राळेतून झाला.

बर्लिनमधला औषधविक्रेता एदुआर्ड सीमोन याने १८३९ साली शिलारस ऊर्ध्वपातित करून त्यातून एक तेलकट द्रव काढला आणि त्याला स्टायरोल असे नाव दिले. काही दिवसांनी तो द्रव आपोआप थिजून मुरंब्यासारखा झाला. हवेतला प्राणवायू मिसळल्याने असे झाले असावे, असा सीमोनचा समज झाला. १८४५ साली ब्लाइथ आणि होफमान यांनी दाखवून दिले की त्यात बाहेरचे काहीही मिसळलेले नाही. तोच पदार्थ दुसऱ्या रूपात गेला आहे. एकसारखे छोटे रेणू साखळीने जोडले जाऊन असे महाकाय रेणू बनतात, हे हेरमान श्टाउडिंगर याने १९२० साली मांडले. त्याला नोबेल मिळायला १९५३ साल उजाडले. तोवर पॉलिस्टायरीन कारखान्यातून बाहेर पडून दुकानात आणि दुकानातून पोरांच्या हातात पोचले होते.

आता शिलारस. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात हे नाव अजून चालते. संस्कृत ग्रंथांत त्याला सिल्हक आणि तुरुष्क म्हटले आहे. दुसरे नावच सांगते की माल पश्चिमेकडून, परमुलखातून येई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत भडोचला उतरणाऱ्या आयात मालाच्या यादीत हा सुगंधी चीक आहे. त्याच पुस्तकात कल्याणच्या पुढच्या व्यापारी गावांत पहिले नाव सेमिल्ला असे येते. टॉलेमीने ज्याला सिमिल्ला म्हटले आणि अरब प्रवाशांनी सैमूर, तेच हे आपले चौल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिलारस देणारी झाडे एकाहून अधिक जातींची आहेत. त्यामुळे पेरिप्लसमधला चीक आणि सीमोनच्या बरणीतला चीक एकाच झाडाचे होते असा आग्रह मी धरणार नाही. तरी ज्या किनाऱ्यावर हा चीक एके काळी गलबतांतून उतरत होता, तिथेच आज त्याच्या वंशातल्या पदार्थाची गलबते कपाटात उभी आहेत, ही गोष्ट मला फार आवडते.

राळेशी आणि रेशमाशी चौलचा संबंध पुढेही राहिला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच प्रवासी लिन्स्खोटेन याने चीनहून येणाऱ्या कच्च्या रेशमाची चौलमध्ये होणारी विणाई वर्णिली आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने इथल्या रेशमाबरोबरच लाखेचे काम केलेल्या पेट्या, कपाटे आणि पलंग यांची तारीफ केली. लाख हीसुद्धा एक राळच, फक्त झाडाऐवजी किड्याने दिलेली. लाखकामाची पेटी कोरड्या रेशमी रुमालाने पुसली की तिच्यावर वस्त्राचे तंतू येऊन चिकटतात, हे त्या काळच्या चौलकर गृहिणीला ठाऊक असणार. तिने त्याला वीज म्हटले नसेल, एवढेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच लाखेच्या ग्रामोफोन तबकड्या झाल्या. १९४८ नंतर पीव्हीसीच्या लाँगप्ले तबकड्या आल्या तेव्हा धुळीचा जाच वाढला, कारण पीव्हीसी आपल्यावरचा भार फार वेळ सोडत नाही. नाट्यपदे ऐकणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी तबकडी लावण्याआधी मखमलीच्या गादीने धूळ टिपण्याचा जो विधी पाळला, त्याचे मूळ इथे आहे.

प्लास्टिकच्या प्रतिकृतींचा उद्योग साधारण याच सुमारास बाळसे धरत होता. इंग्लंडमध्ये फ्रॉग कंपनीने १९३६ साली 'पेंग्विन' नावाने विमानांचे जोडसंच काढले. त्यांचे प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेटचे असल्याने काळाने वाकडे होई. एअरफिक्स कंपनी १९३९ सालची. तिने १९५० नंतर पॉलिस्टायरीनचे स्वस्त जोडसंच बाजारात आणले. त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या संचांपैकी एक होता ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड' जहाजाचा. माझ्याकडच्या सतरांतही एक गोल्डन हाइंड आहे. ज्या चौलसमोर मार्च १५०८ मध्ये पोर्तुगीज विजरईचा मुलगा लोरेन्सू द आल्मेइदा याचे जहाज कोळ्यांच्या जाळ्यांच्या खुंटांत अडकले आणि इजिप्त व दीवच्या आरमाराशी लढताना तो मारला गेला, त्या चौलचे एकही जहाज कुठल्या खोक्यात मिळाले नाही. आमच्या खलाशाने गुराब स्वतः कापून काढली, ती त्यामुळेच.

*

कोरड्या फडक्याची करामत किती मोठी असू शकते याचा एक दाखला मला रोजच्या व्यवहारात भेटतो. न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात २२ ऑक्टोबर १९३८ रोजी चेस्टर कार्लसन आणि त्याचा मदतनीस ओटो कोर्नाय यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा हातरुमालाने घासला. त्यावर अक्षरे लिहिलेली काच ठेवून प्रकाश पाडला आणि मग पत्र्यावर बारीक पूड भुरभुरवली. उजेड पडला तिथला भार निघून गेला. अक्षरांच्या सावलीत तो टिकला आणि पूड तेवढ्याच जागी चिकटून राहिली. झेरॉक्सचा जन्म असा झाला. माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेरच्या माणसाचा सगळा अभ्यास झेरॉक्सच्या गठ्ठ्यांवर झालेला. म्हणजे हुकमाने बसवलेल्या धुळीवरच आम्ही इतिहास वाचला.

हुकूम नसेल तेव्हा तीच धूळ मनाला येईल तिथे बसते. घासण्याने पॉलिस्टायरीनवर हजारो व्होल्टांचा भार सहज येतो. प्रवाह नगण्य असल्याने आपल्याला काही होत नाही, पण भार निघून जायला वाट नसते, कारण हा पदार्थ उत्तम विद्युत्‌रोधक आहे. मग हवेत तरंगणारे सुती धागे, सुपारीच्या सालीचे तंतू, वाळूची पूड, दिवाळीत तर रांगोळी आणि फटाक्यांचा धूर, सारे त्या दिशेने निघते. पुन्हा पुसले की पुन्हा भार.

हवेत ओल असेल तर मात्र वस्तूच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा धरतो आणि भार त्यावाटे निथळून जातो. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग पावसाळ्यात हमखास फसतो, तो यामुळे. सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की ही वीज फारशी टिकत नाही. मुंबईत कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५४ साली स्थापन होऊन १८५६ साली सुरू झाली, त्या धंद्याला भांडवल आणि बंदर यांच्याबरोबर या दमट हवेचीही साथ होती. कोरड्या हवेत सूत भारित होते, तंतू फिसकारतात आणि धागा तुटतो. कोरड्या मुलखातल्या गिरण्यांना हवेत मुद्दाम पाणी फवारावे लागे. 'एअर कंडिशनिंग' हा शब्ददेखील स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन गिरणी-अभियंत्याने १९०६ साली वापरला, तो माणसांच्या सुखासाठी नसून सुताच्या सोयीसाठी होता.

म्हणजे चौलला ही अडचण मुळात नसावी? पावसाळ्यात ती नसतेच. पण भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे घड्याळासारखे चालत नाहीत. दिवाळी सरली की जमिनीकडून, पूर्वेकडून येणारा कोरडा वारा जोर धरतो. काही दिवस तो दुपारपर्यंत हटत नाही, खारा वारा उशिरा सुटतो आणि मधल्या काही तासांत हवा घाटावरच्यासारखी कोरडी पडते. ओठ फुटतात, नायलॉनचा सदरा काढताना चटचट आवाज येतो. कोरडे फडके नेमके या दिवसांत कपाटावर फिरत असते.

पुढचा अंक जूनमध्ये. किनाऱ्यावरच्या धुळीत मीठ असते. पंचाहत्तर टक्क्यांवर आर्द्रता गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते हेच. हिवाळ्यात विजेने ओढलेली धूळ पावसाळ्यात मिठाच्या पाण्याने लिंपली जाते, तिच्यावर बुरशी धरते आणि दसऱ्यापर्यंत तिचा पक्का थर होतो. तो मग खरवडावा लागतो, आणि रंग त्यात जातो. वीज आणि मीठ यांची ही पाळी लक्षात आल्यावर परदेशी पुस्तकांतले उपाय तसेच्या तसे उचलता येत नाहीत. कपडे मऊ करण्याच्या द्रवाचा हात प्रतिकृतीवर फिरवावा, असे तिकडे सांगतात. तो लेप हवेतली ओल धरून भार वाहून नेतो. थंड, कोरड्या देशात ते ठीक आहे. आमच्याकडे चार महिने ओल इतकी असते की तोच लेप चिकट होऊन बुरशीला आमंत्रण देतो. ॲक्रिलिकच्या पारदर्शक पेटीचेही तसेच. पेटी पुसली की ती स्वतःच भारित होते. त्यापेक्षा लाकडी चौकटीचे काचेचे कपाट बरे. काचेवर ओल लवकर धरते आणि भार टिकत नाही.

*

मी जी रीत धरली आहे ती आगोटीच्या हिशोबाने. मे महिन्याच्या शेवटी, लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवण्याच्या दिवसांत, प्रत्येक जहाजावरून बकरीच्या केसांचा मऊ कुंचला फिरवायचा. कुंचला बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवून निथळलेला, पाण्यात साबणाचा एखादाच थेंब. नंतर नुसत्या पाण्याचा हात. विहिरीचे पाणी टाळायचे, कारण त्यातले क्षार मागे राहतात. पाणी टिपायचे, घासायचे नाही, आणि सावलीत वाळू द्यायचे. दुसरा हात नवरात्राच्या सुमाराला, हवेत ओल आहे तोवर, म्हणजे पावसाळ्याचे मीठ निघून जाते. त्यानंतर होळीपर्यंत जहाजांना फडके लावायचे नाही. फारच धूळ दिसली तर कॅमेऱ्याची भिंग साफ करायच्या रबरी फुग्याने हवा मारायची. दिवाळीच्या झाडलोटीत ते एक कपाट आमच्या घरी आता वगळले जाते.

दोऱ्यांचा अनुभव विशेष आहे. संचांबरोबर आलेले नायलॉनचे दोर धुळीने केसाळ होतात. खलाशीबुवांनी नंतरच्या जहाजांना सुती दोरा मेणावरून ओढून वापरला आहे, आणि ती जहाजे आजही तुलनेने स्वच्छ आहेत. त्यांनी विल्केची क्रमवारी वाचली असेल असे वाटत नाही. डोळ्यांनी पाहून ठरवले असणार. गुराबीच्या शिडांना त्यांनी जुन्या धोतराचे कापड लावले आहे, तेही सुतीच.

राहिली पेन्सिल. तळाला पाणी लावायचे नाही, एवढेच तिचे उत्तर. जहाज धुण्याआधी उताणे करून, बाजूने तिरपा उजेड पाडून तळाचे छायाचित्र घ्यायचे. गुळगुळीत पांढऱ्या प्लास्टिकवर शिसे पुसले गेले तरी टोकाने पडलेली चीर कधी कधी तिरप्या उजेडात दिसते. आकडे वहीत उतरवायचे आणि मगच पाण्याला हात लावायचा.

चौलचे बंदर गाळाने गेले, असे आपण सहज म्हणतो. सुरत आणि मुंबई वाढली, १७४० साली पोर्तुगीजांचा अंमल संपला, व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली, ही कारणे आहेतच. पण कुंडलिकेच्या मुखाशी गाळ साचत राहिला, आणि तो एका दिवसात आला नव्हता. दर वर्षी थोडा थोडा आला. कपाटातल्या सतरा जहाजांवर खलाशीबुवांच्या घरच्यांनी दर दिवाळीला मायेने कोरडे फडके फिरवले, वरूनही आणि तळालाही. त्यातही दर वर्षी थोडे थोडे गेले.

यंदाच्या आगोटीत तेरा जहाजांची मापे वहीत पुरी उतरली. उरलेल्या चारांपैकी तिघांवर काही आकडे तिरप्या उजेडात लागतात, त्यांचे काम चालू आहे. चौथे शिबाड आहे. त्याच्या तळाला 'हात' एवढा शब्द स्पष्ट वाचता येतो. त्याच्या आधीचा आकडा उरलेला नाही.